हजार आणि वर एक

जत्रेचे कर्णे बांधायला माणूस खांबावर चढला की मला जत्रा नकोशी होते. बाकी गाव त्या वेळी खुशीत असतं. चैत्र निम्मा सरलेला, कांदा उपटून वाफ्यात पातीखाली झाकलेला, बैलगाडा शर्यतीच्या घाटावर मुरूम पडलेला, आणि यंदा कोणाच्या गाड्याची बारी किती सेकंदांत येणार यावर पारावर रोजची हमरीतुमरी. मी अंगणवाडीच्या दारात उभी राहून त्या खांबावरच्या माणसाकडे बघते आणि मनात म्हणते, बाबा रे, तुझा कर्णा बिघडू दे, निदान आमच्या आळीकडं तोंड करून बांधू नको. देवाच्या कामात असं वाईट चिंतू नये हे मला कळतं. पण तो हॅलो हॅलो करायला लागला की पोरांची हजेरी मोजताना माझं चुकतं, त्याला मी काय करू?

पोरं विचारतात, बाई, तुम्हाला जत्रा आवडत नाही का? मी म्हणते, आवडते की. पोरांना काय सांगायचं?

अकरा वर्षं झाली त्या चैत्राला. आमचे हे तेव्हा कबड्डी खेळायचे. नुसते हौसेनं नाही, पोटासाठीसुद्धा. भोसरीकडच्या एका कारखान्यानं त्यांना कबड्डीवरच कामाला घेतलं होतं. वर्षातले आठ-नऊ महिने कारखान्याच्या संघाकडून खेळायचं, आणि चैत्र-वैशाखात रजा टाकून गावच्या मंडळाकडून जत्रा मारायच्या. जत्रा मारायच्या हा त्यांचाच शब्द. आज या गावात, परवा नदीपलीकडच्या. सकाळी बैलगाडे, दुपारी कुस्त्या, ऊन कलल्यावर कबड्डी. हे चढाईला निघाले की बायाबापड्यासुद्धा पोळ्या लाटायच्या थांबायच्या. बबनभाऊचा दम, असं गाव म्हणायचं. एका श्वासात कबड्डी कबड्डी करत ते इतका वेळ आत राहायचे की पंचाचीच छाती भरून यायची. लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईला एवढंच सांगितलं होतं की पोरगं निर्व्यसनी आहे आणि त्याला दम आहे.

तोवर त्यांचे गुण कोणी मोजलेले नव्हते. सामना झाला, जिंकलो, हरलो, घरी आलो. मोजायचं खूळ आणलं गुलाबनानांनी. नाना म्हणजे मंडळाचे चिटणीस, टपालखात्यातून निवृत्त झालेले. कागदाचा चिटोरा टाकायचा नाही ही त्यांची नोकरीतली सवय, त्यामुळे मंडळ खेळलेल्या प्रत्येक सामन्याचा गुणतक्ता त्यांच्या पत्र्याच्या पेटीत होता, आणि कारखान्याकडच्या सामन्यांचे आकडे ते यांच्याकडून लिहून घ्यायचे. त्या संक्रांतीच्या सुमारास पेपरात एक बातमी आली. कुठल्या तरी थंड मुलखात बर्फावर हॉकी खेळतात, तिथल्या एका पैसे घेऊन खेळणाऱ्या खेळाडूचे सगळ्या जन्माचे मिळून हजार गुण झाले म्हणून खेळ मध्येच थांबवला, लोक उभे राहिले, त्याची बायको-पोरं मैदानात आणली. नानांनी ती बातमी पारावर तीनदा वाचून दाखवली. बर्फावर पाय कसा ठरतो यावरच लोकांची निम्मी दुपार गेली. नाना मात्र पेटी उघडून बसले.

आठ दिवसांनी ते आमच्या ओट्यावर आले आणि म्हणाले, "सुमन, तुझ्या नवऱ्याचं नऊशे साठ झाल्यात. त्या बर्फावाल्याचं मोजत्यात, मग आपल्या बबनचं का न्हाई मोजायचं?"

मी चहा टाकला. मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. चाळीसच राहिले होते. एका जत्रेच्या हंगामाचा खेळ. अंगणवाडीतल्या चिंचोक्यांच्या डब्यातून मी चाळीस चिंचोके मोजून घेतले आणि फडताळात वाटीत ठेवले. एक गुण झाला की एक चिंचोका काढायचा. पोरांना बेरीज-वजाबाकी शिकवणाऱ्या बाईला याहून वेगळं काय सुचणार?

भीती त्याच्या पुढच्याच महिन्यात घरात आली. कारखान्याच्या एका सामन्यात हे मानेवर पडले. घरी आल्यावर नेहमीसारखेच वागले. पण मी बघत होते. चहाचा पेला डाव्या हातातून दोनदा सुटला. शर्टाची बटणं लावायला ते मला बोलवायला लागले, वर चेष्टेत म्हणायचे, नवी नवरी असताना लावायचीस की, आता काय झालं? मी हसायची आणि लावायची. एका सकाळी त्यांनी पायात चप्पल घातली आणि चार पावलं गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डावी चप्पल उंबऱ्यातच राहिली आहे. पायाला ते कळलं नव्हतं. मी ती उचलली, त्यांच्या पायापाशी ठेवली. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

पुण्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला आणि साध्या शब्दांत सांगितलं. मानेचे मणके सरकलेत. कबड्डी बंद. पुन्हा एकदा मानेवर पडलात तर हातपाय जातील, उरलेला जन्म खाटेवर. ऑपरेशन करून घ्या. परतताना एस.टी.त हे खिडकीशी बसले होते. राजगुरुनगर गेलं, मंचर जवळ आलं. मग माझा हात उचलून त्यांनी स्वतःच्या गळ्यावर ठेवला.

"कुणाला सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुला. हजार झालं की मीच थांबतो, मग काय चिरायचं ते चिरू दे त्यांना."

ज्यांच्याकडे ही पद्धत नाही त्यांना यातली गोम कळणार नाही. आमच्याकडे गळ्याची शपथ पोरंसुद्धा घालतात, दहा पैशांच्या गोळीसाठी घालतात, आणि खेळ संपला की सुटली सुटली म्हणून सोडवतात. पण नवऱ्यानं स्वतःच्या गळ्याची घातली आणि बायकोनं मोडली, तर त्याचं बरंवाईट होतं असं आम्ही आयांच्या तोंडून ऐकत मोठ्या झालो. मी बारावी शिकलेली. पोलिओचा डोस द्यायला घरोघर फिरून लोकांच्या खुळ्या समजुती काढणारी बाई. आणि तरी त्या एस.टी.त माझी बोटं त्यांच्या गळ्याच्या शिरेवर होती, ती शीर उडत होती, आणि मला वाटलं की मी बोलले तर ती थांबेल. न बोलले तर मान जाईल, बोलले तर माणूस जाईल. दोन्हींकडून माझ्याच हातून. मी हो म्हणाले.

त्या हंगामाचं मला काय आठवतं? रात्र आठवत नाही, झोपत तर होतेच. उतरती दुपार आठवते. कांदा कापायला बसलेल्या बाया, पातीचा उग्र वास, हातावर चिकटलेली माती, आणि नदीपलीकडून वाऱ्याबरोबर येणारा कर्ण्याचा आवाज. वारा वळला की आवाज बुडायचा. "बबन चढाईला..." आणि मग काहीच नाही. विळा हातात तसाच. बाजूच्या बाया गप्पा मारायच्या आणि मी मनात त्यांना म्हणायची, गप बसा गं, एक मिनिट गप बसा. मग वारा फिरायचा आणि कर्ण्यातून टाळ्या यायच्या. एक गुण. एक चिंचोका. मी पुन्हा कांदा हातात घ्यायची. माझ्या जावेला वाटायचं नवऱ्याच्या कौतुकात बुडालीय. ती मला चिडवायची, आणि चिडवणं सोपं जावं म्हणून मी लाजल्यासारखं करायची.

मोजणी सुरू झाल्यापासून हेसुद्धा बदलले होते. आधी हरले तरी हसत यायचे. आता दारातून आत येता येताच सांगायचे, आज सात. आज चार. चाराच्या दिवशी जेवण कमी जायचं. मी वाटीतून सात काढायची आणि उरलेले बोटांनी चाचपायची. तेहतीस राहिले म्हणजे अजून तेहतीस वेळा त्या सात माणसांत जायचं आणि परत यायचं. मला गुण दिसतच नव्हते, पडणं दिसत होतं.

कळंबला माझं माहेर. तिथल्या जत्रेला मी आईबरोबर मैदानाच्या कडेलाच बसले होते. त्या दिवशी यांनी नऊ गुण घेतले. नानांच्या कागदावर आठच पडले, कारण पंचानं बोनस दिला तेव्हा नानांना माझ्याच भावानं ओढून मांडवात नेलं होतं, पावणं, चहा घेतल्याशिवाय न्हाई सोडणार, म्हणून. परत आल्यावर नानांनी शेजारच्याला विचारून कागद भरला. एक गुण चहाच्या कपात बुडाला. मला ते कळलं होतं. म्हटलं, जाऊ दे, घरी सांगू. घरी मी विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, यांच्या पायाकडं बघण्यात राहून गेलं. वाटीतून मात्र नऊ चिंचोके काढले.

मग आमच्या गावची जत्रा आली. पहिल्या दिवशी पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी घरात पंधरा पावणे. माझ्या पदराच्या गाठीत नऊ चिंचोके उरलेले. नानांच्या हिशोबानं दहा हवे होते. मैदान शाळेमागचं, पाणी मारून चोपलेलं. आम्ही बाया शाळेच्या ओट्यावर. सासूबाई पुढं, त्यांच्या मांडीवर आमची मनीषा, तेव्हा तिसरीत. सगळ्या गावाला माहीत होतं आज हजार होणार. मंडळानं फेटा आणला होता, चांदीचा मुलामा दिलेली गदा आणली होती.

सकाळी बटणं लावताना मी म्हणाले होते, शपथ सोडवा. ते म्हणाले, संध्याकाळी सोडवतो.

पहिल्या अर्ध्यात पाच झाले. मी पाच चिंचोके ओट्याखाली टाकले. दुसऱ्या अर्ध्यात ते वाकून हात पुढं करत तेव्हा डावा हात खाली लोंबायचा, हे गावात फक्त मला दिसत होतं. सहा, सात. आठव्याला दोघांनी पाय धरला, हे सुटले. माझ्या तोंडात पदराचा बोळा होता. नववा चिंचोका टाकला तेव्हा माईकवाला म्हणाला, नऊशे नव्याण्णव. माझी गाठ मोकळी झाली होती. माझ्या हिशोबानं हजार झाले होते, आणि सगळं गाव अजून एक मागत होतं. त्यांनी तोही घेतला. कोपऱ्यातल्या गड्याला नुसतं बोट लावून ते मध्यरेषेवर परत आले. गुलाल उडाला, हलगी वाजली, सासूबाई रडायला लागल्या. मी देवाला हात जोडले. झालं, संपलं.

तेवढ्यात मंडपात कोणा वडीलधाऱ्यानं माईक हातात घेतला. फेटा हजारावर बांधायचा न्हाई, म्हणाले. शून्यावर कुणी मान देतं का? आहेर करताना आपण शंभर देत न्हाई, एकशे एक देतो. पाचशे देत न्हाई, पाचशे एक देतो. बबनच्या मानाला हजार एक पायजे. पाच मिनिटं राहिल्यात, एक तर घ्यायचाय.

लोकांना ते पटलं. पटणारच. मी स्वतः आयुष्यात कधी पाकिटावर वरचा रुपया चिकटवल्याशिवाय आहेर केलेला नाही. टाळ्या पडल्या. हे मैदानात उभे होते, गुलालानं लाल, आणि त्यांनी मान हलवली, चालेल म्हणून. मान हलवताना त्यांचा चेहरा कसा झाला तेही मीच बघितलं.

मी ओट्यावरून उतरले. डोक्यावर पदर, समोर सगळे सासरे-दीर, पावणेरावळे. मी नानांच्या टेबलापाशी गेले. इथं मी काय बोलायला गेले होते ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यांची मान गेलीय, त्यांना थांबवा. पाच शब्द. ते ओठांवर आले आणि मला बोटाखाली ती उडणारी शीर लागली. मी म्हणाले, "नाना, कळंबचा एक पॉईंट तुमच्याकडनं राहिलाय. मी तिथं व्हते. आजचं हजार एकच झाल्यात."

नाना माझ्याकडे प्रेमानं बघून हसले. म्हणाले, "आगं, आता कागद कुठं उपसू? एक तर हाय. घेईल तो." आणि त्यांनी पंचाला हात केला.

मी गुणाचं बोलले, मानेचं बोलले नाही.

ती चढाई मी टेबलापासूनच बघितली. दम ऐकू येत होता, कबड्डी कबड्डी, अगदी सुरेल. मग चौघं एकदम अंगावर गेले. दम थांबला. चौघं उठले. हे उठले नाहीत. मैदानावर माती खाली बसायला किती वेळ लागतो? मला तो वेळ अजून मोजता येत नाही. मी त्यांच्यापाशी बसले तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते. पाय हलवा, मी म्हणाले. ते म्हणाले, हलवतोय की. पाय हलत नव्हते.

माणसं फार वाईट नशिबाची नव्हतो आम्ही. गावानं जीप काढली, पुण्यात ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी उजवा पाय आला, सहा महिन्यांनी डावा थोडासा. वर्षभरानं ते काठी घेऊन चालले. डावा पाय अजून ओढतात, डाव्या हाताची मूठ वळत नाही. कारखान्यानं त्यांना भांडारात बसवलं, पुढं त्यांनी ते सोडून शेती धरली. फेटा आणि गदा घेऊन मंडळ दवाखान्यात आलं होतं, यांनी घेतलं नाही. म्हणाले, हजार एक कुठं झाल्यात? कळंबच्या गुणाचं मी कधीच काढलं नाही. काढून कोणाचं काय भलं होणार होतं?

दवाखान्यात डॉक्टरांच्या बोलण्यावरून सासूबाईंना कळलं की दुखणं आधीचं आहे. त्यांनी मला एकच विचारलं, तुला ठावं व्हतं? मी मान डोलावली. पुढं वर्षभर मी वाढलेलं ताट त्या थोडा वेळ तसंच समोर ठेवायच्या आणि मग जेवायच्या. तेव्हा यांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, मीच शपथ घातली व्हती, तिनं राखली. आणि तेव्हापासून ते घरात येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगतात. पावणे आले, सोयरे आले, चहा होईपर्यंत विषय निघाला की यांचं सुरू, आमच्या हिनं शब्द राखला राव, दुसरी असती तर बोंबलत सुटली असती. कौतुकानं सांगतात. मी चुलीपुढं बसून ऐकते आणि मला वाटतं आता पुढचं वाक्य ते बोलतील. कोणतं पुढचं वाक्य, तेही मला माहीत होतं. ते कधी बोलले नाहीत. दर वेळी मी वाट बघायची, आणि चहा उतू जायचा.

आता मनीषा एकोणीस वर्षांची आहे. मंचरच्या कॉलेजात जाते आणि चढाई करते. बापानं शिकवली, अंगणात काठी टेकून, खुर्चीवर बसून. मी नको म्हणाले होते, पण माझ्या नको म्हणण्याला या घरात काय किंमत राहिली असणार? तिच्या मैत्रिणी मोबाईलवर तिचे गुण मोजतात. तीनशेला आले म्हणे. या हंगामात पोरींच्या कबड्डीचे सामनेही ठेवलेत, आणि जत्रा झाली की जिल्ह्याच्या संघाची निवड आहे.

मागच्या सोमवारी ती वेणी घालत होती. एका हातानं. दुसरा हात मांडीवर. मी दारात उभी राहिले. ते केस एका हातानं वेढे घालून बांधणं बघितलं. जवळ जाऊन खांद्याला हात लावला तर ती कळवळली. खांदा निखळतो, म्हणाली. दोनदा निखळला, मैत्रिणीनं बसवला.

"आई, पप्पांना सांगायचं न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय. एवढी जत्रा आन निवड होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला."

तिनं माझा हात तिच्या गळ्यावर नेला. शीर उडत होती. किती तरुण शीर ती. मला त्या एस.टी.त होती तेवढीच भीती वाटली, जराही कमी नाही. अकरा वर्षांत मी शहाणी झाले असं मला म्हणायचं होतं, पण नाही. मी तितकीच घाबरले. हात काढून घेतला, चपला घातल्या आणि वावराकडं निघाले. ती मागून आई, आई करत बांधापर्यंत आली. मग थांबली.

हे कांद्याच्या ढिगाशी बसले होते, पायाखाली दाबलेल्या विळ्यावर उजव्या हातानं पात कापत. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खांदा, दोनदा निखळला, निवड, सगळं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, उद्याच्या उद्या पुण्याला न्यायची, खेळ बंद. मी म्हणाले, हो. त्यांनी एक कांदा उचलला, कापला, बाजूला टाकला.

"शपथ घातली आसंल की तिनं तुला."

"व्हय. तिच्याच गळ्याची."

"आन तू मोडलीस."

"मोडली."

त्यांनी विळा बाजूला सारला. पलीकडं गावात माईकवाला हॅलो हॅलो करत होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, नीट बघितलं, आणि हळूच विचारलं, "मग माझी का राखलीस?"